चंद्राच्या वाटेवरचा बोगदा

१६ जानेवारी १९६९. सोयूझ ४ आणि सोयूझ ५ ही दोन सोव्हिएत याने पृथ्वीभोवती फिरता फिरता एकमेकांना जोडली गेली. माणसे बसलेली दोन याने अवकाशात जोडली जाण्याची ही पहिलीच वेळ होती. जोडणी पक्की झाली, पण या यानातून त्या यानात जायला आतून वाट नव्हती. येवगेनी ख्रुनोव्ह आणि अलेक्सेई येलिसेयेव्ह यांना सोयूझ ५ सोडून सोयूझ ४ मध्ये जायचे होते. दोघांनी अवकाश-पोशाख चढवले, यानाच्या पुढच्या कक्षातली हवा सोडून दिली, दार उघडले आणि बाहेरच्या कठड्यांना धरत धरत निर्वात पोकळीतून ते पलीकडे गेले. तिकडे व्लादिमीर शतालोव्ह एकटेच त्यांची वाट पाहत होते. पाहुण्यांनी सोबत पत्रे आणि वर्तमानपत्रे आणली होती. शतालोव्ह यांच्या उड्डाणाची बातमी त्यांत छापलेली होती.

यानंतर सात आठवड्यांनी, ५ मार्च १९६९ रोजी, अमेरिकेच्या अपोलो ९ मधले रस्टी श्वायकार्ट आणि जेम्स मॅकडिव्हिट एका यानातून दुसऱ्या यानात गेले. त्यांना बाहेर पडावे लागले नाही आणि हवाही सोडावी लागली नाही. माजघरातून ओटीवर यावे तसे ते एका अरुंद बोगद्यातून तरंगत पलीकडे उतरले. हा बोगदा जेमतेम पाऊण मीटर रुंद होता. माणूस चंद्रावर गेला तो या बोगद्यातून, आणि घरी परतला तोही याच बोगद्यातून. सॅटर्न ५ या महाकाय अग्निबाणाची छायाचित्रे आपण शंभर वेळा पाहिलेली असतात. नील आर्मस्ट्राँग यांचे पहिले पाऊल तर सगळ्या जगाला पाठ आहे. त्या दोन्हींच्या मध्ये असलेल्या या वाटेची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही.

चंद्रावर जायला दोन याने कशाला हवीत, हाच मुळात वादाचा विषय होता. २५ मे १९६१ रोजी अध्यक्ष केनेडी यांनी दशक संपायच्या आत चंद्रावर माणूस उतरवण्याची घोषणा केली. तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच प्रचंड यान होते. ते सरळ चंद्रावर उतरेल आणि तसेच परत येईल, अशी कल्पना होती. पण पृथ्वीवर परतायला लागणारे इंधन, वातावरणातली आग सोसणारे उष्णताकवच, हवाई छत्र्या हे सगळे ओझे आधी चंद्राच्या जमिनीवर उतरवायचे आणि मग तिथून पुन्हा वर उचलायचे, म्हणजे लागणारा अग्निबाण आवाक्याबाहेर जात होता. दुसरी योजना अशी होती की यानाचे भाग वेगवेगळ्या अग्निबाणांनी पृथ्वीभोवतीच्या कक्षेत न्यायचे आणि तिथे जोडायचे.

व्हर्जिनियातल्या लँग्ली संशोधन केंद्रातले अभियंते जॉन हूबोल्ट तिसऱ्या योजनेचा आग्रह धरून बसले होते. मोठे यान चंद्राभोवती फिरत ठेवा, अगदी हलकी अशी एक लहान कुपी तेवढी खाली उतरवा, काम झाले की ती वर येऊन मोठ्या यानाला जोडली जाईल, माणसे आत येतील आणि कुपी तिथेच टाकून घरी निघतील, असे त्यांचे म्हणणे. गड चढताना जड सामान पायथ्याशी ठेवून जाण्यासारखाच हा हिशेब. तरीही ऐकणाऱ्यांच्या पोटात गोळा येई. १९६१ मध्ये अवकाशात दोन याने एकमेकांजवळसुद्धा कुणी आणली नव्हती. ही भेट पृथ्वीपासून पावणेचार लाख किलोमीटरवर, चंद्राभोवती घडवायची होती. भेट चुकली तर वाचवायला कोण जाणार?

हूबोल्ट यांनी हार मानली नाही. नोव्हेंबर १९६१ मध्ये त्यांनी सगळ्या पायऱ्या ओलांडून नासाच्या वरिष्ठ नेतृत्वातले रॉबर्ट सीमन्स यांना थेट पत्र लिहिले. सरकारी यंत्रणेत असे पत्र लिहिणाऱ्याची नोकरी धोक्यात येते. पण हूबोल्ट यांची आकडेमोड खोडून काढता येत नव्हती. ७ जून १९६२ रोजी अग्निबाणांचे अभियंते वेर्नर फॉन ब्राऊन यांनी आपल्या केंद्राच्या बैठकीत या योजनेला पाठिंबा जाहीर केला आणि ११ जुलैला नासाने अधिकृत निर्णय सांगितला. त्या दिवसापासून चंद्रमोहिमेचे यश दोन यानांच्या सांध्यावर अवलंबून राहिले.

सांधा जोडायचा तर आधी भेट व्हायला हवी, आणि कक्षेतली भेट माणसाच्या सहजबुद्धीला चकवते. रस्त्यावर पुढची गाडी गाठायची असेल तर आपण वेग वाढवतो. कक्षेत वेग वाढवला की यान उंच जाते, त्याचा फेरा लांबतो आणि ते उलट मागे पडते. पुढच्याला गाठायचे असेल तर आधी वेग कमी करून खाली यावे लागते. हा धडा मॅकडिव्हिट यांनी जून १९६५ मध्ये जेमिनी ४ या यानातून घेतला. आपल्याच अग्निबाणाच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा त्यांनी प्रयत्न केला. जितका नेट लावावा तितका तो टप्पा दूर जाई. शेवटी इंधन वाचवण्यासाठी तो नाद सोडावा लागला. त्याच वर्षी १५ डिसेंबरला जेमिनी ६ आणि जेमिनी ७ एकमेकांपासून फुटभर अंतरावर आली. १६ मार्च १९६६ रोजी आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी जेमिनी ८ हे यान अजीना या माणूसविरहित लक्ष्ययानाला जोडले. ती इतिहासातली पहिली अवकाशजोडणी. पण थोड्याच वेळात जेमिनीचे एक छोटे दिशादर्शक इंजिन चालू स्थितीत अडकले आणि यान गरगरू लागले. अजीनापासून सुटल्यावर तर ते सेकंदाला एक गिरकी घेऊ लागले. आर्मस्ट्राँग यांनी परतीसाठी राखून ठेवलेली इंजिने वापरून ते सावरले आणि मोहीम तिथेच संपवली.

जेमिनीचे नाक अजीनाला जुळले, पण त्यातून आत जायचा प्रश्न नव्हता. पलीकडे घर नव्हतेच. अपोलोत पलीकडे घर होते. इथे अभियंत्यांपुढे खरी अडचण उभी राहिली. दोन याने धडकतात तेव्हा धक्का सोसून एकमेकांना धरून ठेवणारी यंत्रणा नेमकी मधोमध बसवणे सोयीचे. माणसाला जायची वाटही मधोमधच हवी. एकाच जागेवर दोन हक्क.

यावर काढलेला तोडगा साधा होता आणि धाडसाचाही होता. मधली यंत्रणा सुटी करायची आणि प्रत्येक वेळी माणसाने ती हातांनी काढून बाजूला ठेवायची. तीन अंतराळवीरांचे मातृयान, म्हणजे कमांड मॉड्यूल, शंकूच्या आकाराचे होते. त्याच्या टोकाशी बोगदा होता आणि त्या बोगद्यात तिकाटण्यावर बसवावा तसा एक दांडा बसवला होता. त्याला प्रोब म्हणत. चंद्रावर उतरणाऱ्या कुपीच्या, म्हणजे लुनर मॉड्यूलच्या, छतातल्या बोगद्यात एक नरसाळे होते, आतल्या बाजूला निमुळते होत जाणारे, तळाशी भोक असलेले. वैमानिक मातृयान हळूहळू पुढे नेई. दांड्याचे टोक नरसाळ्याच्या उतारावरून घसरत बरोबर तळाच्या भोकात जाई आणि टोकावरच्या तीन लहान पकडी पलीकडे उघडून अडकत. ही पहिली, सैल जोडणी. मग नळकांड्यातला नायट्रोजन वायू दांड्याला मागे ओढी आणि त्याबरोबर दोन्ही याने एकमेकांना भिडत. भिडताक्षणी मातृयानाच्या कड्यावरच्या बारा खिट्या एकापाठोपाठ एक आपोआप बसत. त्यांचा खडखडाट आत ऐकू येई. अंतराळवीर त्या आवाजाची वाट पाहत असत, कारण रबरी कड्यांवर दाब येऊन बोगदा हवाबंद झाल्याची ती खूण होती.

पुढचे सगळे काम हातांचे होते. मातृयानाच्या दारातली झडप उघडून बोगद्यात हवा भरायची आणि दोन्हीकडचा दाब सारखा करायचा. यानात शुद्ध प्राणवायू असे आणि त्याचा दाब पृथ्वीवरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे एक तृतीयांश. दाब सारखा झाला की दार काढून खाली आणायचे. मग बोगद्यात शिरून बाराही खिट्या एकेक करून तपासायच्या. कुपीला वीज देणाऱ्या तारा जोडायच्या. त्यानंतर दांडा सोडवून आत घ्यायचा, मग नरसाळे सोडवायचे, आणि शेवटी कुपीच्या छतातले दार उघडायचे. उंबरठ्यातच अडसर, आणि तोच अडसर दोन घरांना जोडणारा. परत निघताना हे सगळे उलट क्रमाने करायचे. नरसाळे जागेवर, दांडा जागेवर, बारा खिट्या हातांनी पुन्हा ताणून तयार, आणि मग दारे बंद. दांडा बसवायचा राहिला किंवा निघालाच नाही, तर वाट बंद. पुढे अपोलो ११ चे मातृयान सांभाळणाऱ्या मायकेल कॉलिन्स यांना ही यंत्रणा कधीच आवडली नाही. ती अडकली तर काय, ही चिंता त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवली.

ही सगळी रचना पहिल्यांदा माणसांनी वापरून पाहिली ती अपोलो ९ मध्ये, पृथ्वीजवळच्याच कक्षेत. मॅकडिव्हिट नेते, स्कॉट मातृयानाचे वैमानिक, श्वायकार्ट कुपीचे. आकारावरून मातृयानाला गमड्रॉप हे एका गोळीचे नाव दिले होते, आणि लांब पायांच्या कुपीला स्पायडर, म्हणजे कोळी. ३ मार्चला उड्डाण झाले. अग्निबाणाच्या शेवटच्या टप्प्यात बसवलेल्या कुपीकडे तोंड फिरवून स्कॉट यांनी मातृयान जोडले आणि तिला बाहेर ओढून काढले. पुढच्या प्रत्येक चंद्रमोहिमेने वाटेवर हीच कसरत केली.

५ तारखेला श्वायकार्ट बोगद्यातून कुपीत गेले आणि मागोमाग मॅकडिव्हिट. श्वायकार्ट यांना त्या काळात वजनरहित अवस्थेचा त्रास होत होता, उलट्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना कुपीच्या दारातून बाहेर पडून, कठड्यांना धरत, बाहेरच्या बाजूने मातृयानाच्या दारापर्यंत जायचे होते. हा काही शोभेचा अवकाशफेरफटका नव्हता. कधी बोगदा उघडलाच नाही, तर चंद्रावरून परतलेल्या दोघांना ख्रुनोव्ह आणि येलिसेयेव्ह यांच्यासारखेच बाहेरून यावे लागणार होते, आणि ती वाट जमते का हे पाहायचे होते. प्रकृतीमुळे तो बेत आखडता घ्यावा लागला. श्वायकार्ट कुपीच्या उंबऱ्यावरच अर्ध्या तासाहून अधिक वेळ उभे राहिले, त्यांनी कठडे हाताळून पाहिले, आणि समोर मातृयानाच्या उघड्या दारात स्कॉट उभे होते.

७ मार्चला कसोटी होती. मॅकडिव्हिट आणि श्वायकार्ट स्पायडर घेऊन सुटे झाले. सहा तासांहून अधिक काळ ते वेगळे उडत होते आणि एका वेळी दोन यानांत सुमारे १८० किलोमीटरचे अंतर पडले. स्पायडरला उष्णताकवच नव्हते. तिच्या भिंती काही ठिकाणी जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीच्या होत्या. ती पृथ्वीच्या वातावरणात शिरली असती तर जळून गेली असती. म्हणजे त्या सहा तासांत या दोघांना घरी पोहोचवणारी एकच वाट उरली होती, आणि ती स्कॉट यांच्या यानाच्या टोकाशी होती. परतताना सूर्याच्या झगमगाटात मॅकडिव्हिट यांना नेम साधायच्या भिंगातली खूण दिसेना. स्कॉट यांनी शब्दांनी दिशा सांगत त्यांना आत आणले. कक्षेत समोरचे यान गाठता न आल्याने चार वर्षांपूर्वी हात चोळत परतलेल्या मॅकडिव्हिट यांनीच ही जोडणी केली.

मे १९६९ मध्ये अपोलो १० चंद्राभोवती गेले आणि बोगद्याने आपला स्वभाव दाखवायला सुरुवात केली. दारावरचे उष्णतारोधक आवरण फाटले आणि काचतंतूंचे पांढरे तुकडे हिमकणांसारखे यानभर तरंगू लागले. स्टॅफर्ड, यंग आणि सर्नन या अंतराळवीरांच्या केसांत, डोळ्यांत, गळ्यात गेले. सुटे होण्याआधी बोगद्यातली हवा काढायची असते, ती निघेना. त्यातच दोन याने एकमेकांच्या तुलनेत साडेतीन अंशांनी किंचित फिरल्याचे लक्षात आले. खिट्यांच्या खुंट्या तुटतील की काय अशी शंका निर्माण झाली. सहा अंशांच्या आत आहात तोवर पुढे चला, असा निरोप ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातून आला. काम निभावले.

जुलैत अपोलो ११ ची पाळी आली. चंद्राकडे जाताना कॉलिन्स यांनी पहिल्यांदा बोगदा उघडला तेव्हा आत जळक्या तारेसारखा वास आला. त्यांनी सगळ्या तारा आणि जोड बारकाईने तपासले. काहीही जळलेले सापडले नाही. १८ जुलैला ऑल्ड्रिन आणि आर्मस्ट्राँग कुपीत पाहणी करून आले. बोगद्यातून जाताना मधेच दिशांची अदलाबदल होते. मातृयानात ज्याला आपण वर म्हणतो त्या बाजूला सरकत गेलो की कुपीच्या छतातून डोके खाली करून आत उतरतो आणि मग कोलांटी घेऊन सरळ व्हावे लागते.

२० जुलैला ईगल ही कुपी सुटली तेव्हा बोगद्यात थोडी हवा उरली होती. बाटलीचे बूच उडावे तशी तिने ईगलला थोडी जास्तीची ढकल दिली. एवढ्याशा वेगाचा परिणाम पुढच्या कक्षेत वाढत गेला. ईगल ठरल्या जागेच्या सुमारे ६ किलोमीटर पुढे उतरली, त्यामागच्या कारणांत ही उरलेली हवाही मोजली जाते. दगडधोंड्यांनी भरलेले विवर टाळत, तळाला गेलेल्या इंधनावर आर्मस्ट्राँग यांनी हातांनी यान उतरवले, हे आपण जाणतो.

ते दोघे खाली असताना कॉलिन्स चंद्राभोवती एकटे फिरत होते. ईगल नीट वर आली नाही तर तिला कसे गाठायचे, यासाठी १८ निरनिराळ्या प्रसंगांची टिपणे असलेली वही त्यांनी गळ्यात अडकवली होती. आपल्याला एकट्याने घरी परतावे लागेल ही त्यांची सगळ्यात मोठी भीती होती. ईगल आली. भारतात तेव्हा २२ जुलैच्या पहाटेचे तीन वाजून गेले होते. पकडी अडकल्या. कॉलिन्स यांनी दांडा मागे ओढण्याचे बटण दाबले आणि अचानक दोन्ही याने एका बाजूला हेलकावू लागली. सहा-आठ सेकंद ते नियंत्रणाशी झगडले आणि तेवढ्यात बारा खिट्या खडखडत बसल्या.

मग त्यांनी बोगदा उघडला. दार, दांडा, नरसाळे बाजूला केले. समोर ऑल्ड्रिन यांचा हसरा चेहरा आला. कॉलिन्स यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि कपाळाचे चुंबन घ्यायचे मनात आणले. मग संकोच वाटून राहू दिले. चंद्राच्या दगडमातीच्या दोन पेट्या त्यांनी बोगद्यातून अलगद आत ओढून घेतल्या. त्या मोहिमेत २१.५ किलो नमुने आले. सहा मोहिमांत मिळून चंद्रावरची ३८२ किलो दगडमाती पृथ्वीवर पोहोचली, आणि ती सगळी या एकाच वाटेने, हातोहात आली.

दगडांबरोबर धूळही आली. चंद्राची धूळ बारीक, काळपट आणि चिकट असते. ती मातृयानात पसरू नये म्हणून मातृयानातला दाब थोडा जास्त ठेवून हवेचा ओघ कुपीच्या दिशेने वाहता ठेवत. अपोलो १२ च्या वेळी, नोव्हेंबर १९६९ मध्ये, पीट कॉनरॅड आणि अ‍ॅलन बीन आपादमस्तक काळवंडून परतले. मातृयान सांभाळणाऱ्या डिक गॉर्डन यांनी बोगद्यातून डोकावून त्यांचा अवतार पाहिला आणि त्या कपड्यांत आत घ्यायला साफ नकार दिला. दोघांनी पोशाख आणि अंगावरचे सगळे उतरवले, तेव्हाच त्यांना प्रवेश मिळाला. स्मशानातून आलेल्याला दारातच थांबवणाऱ्या आपल्या आज्यांना गॉर्डन यांची शिस्त नक्की पटली असती.

एप्रिल १९७० मध्ये या बोगद्यावर अशी वेळ आली, की ज्यासाठी तो बांधलाच नव्हता. अपोलो १३ पृथ्वीपासून सुमारे ३ लाख २० हजार किलोमीटरवर असताना मातृयानाला लागून असलेल्या सेवाकक्षातली प्राणवायूची टाकी फुटली. कुपीवर उल्का आदळली असावी अशी पहिली शंका आली. म्हणून जॅक स्वायगर्ट आणि जिम लव्हेल यांनी बोगद्याचे दार लावायचा प्रयत्न केला. ते काही केल्या बसेना. शेवटी त्यांनी तो नाद सोडला. थोड्याच वेळात कळून चुकले की गळती आपल्याच बाजूला आहे आणि जगायचे तर त्या दाराच्या पलीकडेच जगावे लागेल.

दोन माणसांना सुमारे दोन दिवस पुरेल अशा कुपीला तीन माणसे चार दिवस सांभाळायची होती. मातृयानाची वीज परतीच्या शेवटच्या तासांसाठी राखायची म्हणून ते पूर्ण बंद केले. तिथली थंडी गोठणबिंदूच्या जवळ पोहोचली. तिघे बोगद्यातून ये-जा करत होते, तिकडून पाणी आणत, अन्न आणत. मग उच्छ्वासातला कार्बन डायॉक्साइड वाढू लागला. तो शोषणारे डबे मातृयानात भरपूर होते, पण ते चौकोनी. कुपीत लागत होते ते गोल. मातृयान नॉर्थ अमेरिकन कंपनीने बनवले होते आणि कुपी ग्रमन कंपनीने. त्यांचे बोगदे केसाएवढ्या अचूकतेने जुळत होते, पण डबे जुळवायचे कुणाला सुचले नव्हते. पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, पोशाखाच्या नळ्या आणि चिकटपट्टी यांतून जोड तयार केला आणि तो कसा करायचा हे शब्दांत वर सांगितले. अंतराळवीरांनी तो तसाच बांधला आणि हवा शुद्ध होऊ लागली.

१७ एप्रिलला शेवटचा प्रश्न आला. वातावरणात शिरण्यापूर्वी कुपी दूर लोटायची होती. एरवी सेवाकक्षाची इंजिने वापरून मातृयान कुपीपासून दूर नेत. पण सेवाकक्ष निकामी होऊन टाकून दिलेला होता. तेव्हा बोगद्यातच हवा राखून ठेवायची आणि खिट्या सोडताच तिच्या रेट्याने दोन याने अलग करायची, असे ठरले. अपोलो ११ ला ठरल्या जागेपुढे नेणारी उरलेली हवा आता जाणूनबुजून वापरायची होती. दाब फार झाला तर दार बिघडेल, कमी पडला तर याने पुरेशी लांब जाणार नाहीत. हा दाब किती असावा, याचा हिशेब करायला ग्रमन कंपनीने टोरंटो विद्यापीठातल्या अभियंत्यांचीही मदत घेतली. हिशेब बरोबर ठरला. तिघेही सुखरूप पॅसिफिक महासागरात उतरले.

पुढच्याच मोहिमेत सांध्याने हट्ट केला. ३१ जानेवारी १९७१ रोजी अपोलो १४ चंद्राकडे निघाले आणि स्टुअर्ट रूसा यांनी कुपीला जोडायला मातृयान पुढे नेले. दांडा नरसाळ्यात शिरला, पण पकडी अडकल्याच नाहीत. पुन्हा प्रयत्न केला, नाही. असे पाच वेळा झाले. प्रत्येक वेळी इंधन खर्च होत होते आणि जोडणी झाली नाही तर चंद्रावर उतरणे रद्दच करावे लागणार होते. सहाव्या वेळी वेगळी युक्ती केली. टोकाच्या पकडींवर विसंबायचे नाही. इंजिनांचा रेटा चालू ठेवून याने दाबून धरायची आणि त्याच क्षणी दांडा मागे ओढायचा, म्हणजे बारा खिट्यांना थेट संधी मिळेल. पहिल्या प्रयत्नापासून पावणेदोन तास होत आले होते. खिट्या बसल्या. नंतर दांडा आत घेऊन अंतराळवीरांनी तो कॅमेऱ्यासमोर वारंवार चालवून दाखवला. तो निर्दोष चालत होता. बहुधा पकडीत काहीतरी कचरा अडकून मग निघून गेला असावा. चंद्रावरून परतताना जोडणी पहिल्याच प्रयत्नात झाली. एरवी दांडा कुपीबरोबर टाकून देत. या वेळी तो तपासणीसाठी पृथ्वीवर परत आणला गेला.

सोव्हिएत चंद्रयोजनेत असा बोगदा नव्हताच. तिथे एकाच माणसाला उतरायचे होते. तो मोठ्या यानातून बाहेर पडून कठडे धरत उतरणाऱ्या यानात जाणार होता आणि तसाच परतणार होता. जोडणीसाठी उतरणाऱ्या यानावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी एक पाटी होती, तिच्यात कुठेही टोक रुतले की पुरे. वजन वाचत होते, पण सगळा भार एका थकलेल्या माणसावर येत होता. त्यांचा एन १ अग्निबाण चारही वेळा कोसळला आणि ही वाट कुणी चाललेच नाही. आतून जायची वाट त्यांनी पृथ्वीभोवतीच्या साल्यूत १ या अवकाशस्थानकासाठी बांधली. एप्रिल १९७१ मध्ये सोयूझ १० तिथे पोहोचले, पण जोडणी पूर्ण होईना आणि ते दाराशी जाऊन मागे फिरले. त्या यानात शतालोव्ह आणि येलिसेयेव्ह होते. पूर्वी बाहेरून गेलेले येलिसेयेव्ह या वेळी दार असूनही आत जाऊ शकले नाहीत. जूनमध्ये सोयूझ ११ चे तिघे आत गेले. परतीच्या वाटेवर यानातली हवा निघून गेल्याने त्यांचा मृत्यू झाला.

दोन्ही देशांनी किंमत मोजून शिकलेला धडा १७ जुलै १९७५ रोजी एकत्र आला. अपोलो आणि सोयूझ जोडली गेली ती नव्या यंत्रणेने. सोव्हिएत अभियंते व्लादिमीर सिरोम्यात्निकोव्ह आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी पकडणारी सगळी यंत्रणा बोगद्याच्या परिघावर, कड्यात बसवली होती. मधली जागा पूर्ण मोकळी. काढायला दांडा नाही, नरसाळे नाही, आणि कोण नर कोण मादी हा भेदही नाही. दोन्ही बाजू सारख्या. त्या मोकळ्या वाटेत अपोलोचे टॉम स्टॅफर्ड आणि सोयूझचे अलेक्सेई लिओनोव्ह यांनी हात मिळवले. आज आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाला माणसे नेणारी अमेरिकी याने याच वंशातली कडी वापरतात. भारताच्या स्पेडेक्स मोहिमेतले प्रत्येकी २२० किलोचे दोन उपग्रहही अशाच सारख्या कड्यांनी जोडले गेले, १६ जानेवारी २०२५ रोजी, सोयूझच्या त्या पहिल्या जोडणीला बरोबर ५६ वर्षे झाली त्या दिवशी. त्या जोडणीतून अजून माणूस जात नाही. भारताचे स्वतःचे स्थानक उभे राहील तेव्हा ती वाट लागेल, आणि आज शाळेत असलेली कुणी मुलगी तिच्यातून जाईल अशी आशा आपण बाळगायला हवी.

जॉन हूबोल्ट यांना ईगल उतरताना ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात पाहुणे म्हणून बोलावले होते. यश आल्यावर फॉन ब्राऊन यांनी मागे वळून त्यांचे आभार मानले. आठ वर्षांपूर्वी ज्या भेटीच्या कल्पनेने लोक घाबरत होते, ती भेट चंद्राभोवती पुढे एकदाही चुकली नाही. चंद्रावर चाललेले बाराही जण त्या पाऊण मीटरच्या बोगद्यातून परत आले. श्वायकार्ट यांनी तपासून ठेवलेली बाहेरची वाट कुणालाही, कधीही वापरावी लागली नाही.